पोकरमध्ये सतत हरतोय: नशीब की खेळ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, शब्द तेवढे बदलतात. म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे नो-लिमिट होल्डेमचा कॅश गेम, सहा जणांचं टेबल आणि १०० बिग ब्लाइंडचा बाय-इन धरला आहे. नो-लिमिट होल्डेम म्हणजे पैजेला वरची मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार, कॅश गेम म्हणजे टूर्नामेंट नव्हे तर थेट पैशांवरचा खेळ. बिग ब्लाइंड म्हणजे दर डावाआधी एका खेळाडूने घालायची ठरावीक रक्कम (त्या जागेलाही तेच नाव), इथे तीच मोजायची पट्टी. बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना आणलेले पैसे. एक प्रश्न दुसऱ्याला लागून असेल तिथे क्रमांक दिला आहे, तेवढा पाहून घ्या.

१. डाऊनस्विंग नेमकं कशाला म्हणायचं? काल तीन बाय-इन गेले, हा डाऊनस्विंग झाला का?

नाही, तो फक्त वाईट दिवस. तुमचा आलेख आजवरच्या सर्वांत उंच बिंदूपासून आज जितका खाली आहे, तितका तुमचा डाऊनस्विंग. तो पैशांत मोजू नका, बाय-इनमध्ये मोजा. स्टेक, म्हणजे ब्लाइंडची रक्कम, बदलला की पैशांचा आकडा फसवतो.

आता तीन बाय-इनचं. दर १०० डावांचा निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. सहा जणांच्या टेबलावर हा आकडा १०० बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. कुणाचा थोडा कमी, मोकळं खेळणाऱ्याचा जास्त. इथे सगळीकडे १०० धरला आहे. या हिशोबाने ३०० डावांची बैठक असेल, तर खरोखर जिंकणाऱ्या खेळाडूलाही साधारण तीस बैठकींत एकदा तीन किंवा जास्त बाय-इनचा फटका बसतो. रोज खेळणाऱ्यासाठी ही महिन्याला एकदा घडणारी गोष्ट आहे.

२. पोकर नशिबाचा खेळ आहे की कौशल्याचा? एकदा काय ते सांगा.

एका डावात जवळजवळ सगळं नशीब, एक लाख डावांत बऱ्यापैकी कौशल्य. खेळ तोच, फरक फक्त किती लांबून बघता याचा.

स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अभ्यासकांनी २०१०च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे निकाल तपासले. स्पर्धा सुरू होण्याआधीच जे खेळाडू कसलेले म्हणून ओळखले जात होते, त्यांना गुंतवलेल्या पैशावर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला. बाकीच्यांना सरासरी १५ टक्क्यांहून जास्त तोटा झाला. नुसत्या नशिबाच्या खेळात असा फरक पडला नसता. पण ही सरासरी शेकडो जणांची आहे. त्या कसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या वर्षी हातात काहीही न पडता परतले असणार.

३. पाच हजार डाव झाले, मी खालीच आहे. एवढ्यावरून माझा खेळ वाईट आहे हे सिद्ध होतं का?

नाही, आणि चांगला आहे हेही सिद्ध होत नाही. समजा एकाचा खरा विनरेट, म्हणजे सरासरी कमाईचा वेग, दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड आहे. हा उत्तम आकडा झाला. हा माणूस ५,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ३६ टक्के. १०,००० डावांनंतर ३१ टक्के, ५०,००० नंतर १३ आणि एक लाख डावांनंतरही ६ टक्के.

हेच उलटं वाचा. जो दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड हरतो, तो ५,००० डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यताही ३६ टक्केच आहे. थोड्या डावांचा निकाल दोघांचीही सारखीच दिशाभूल करतो. पहिला उगाच खचतो, दुसरा उगाच वरच्या स्टेकला जातो. माझ्या मते जास्त नुकसान दुसऱ्याचं होतं.

४. मग किती डावांनंतर खात्रीने बोलता येतं?

लोकांना एक आकडा हवा असतो, म्हणून आधी आकडा. एक लाख डावांनंतरही तुमच्या मोजलेल्या विनरेटभोवती सुमारे ६ बिग ब्लाइंडची अनिश्चितता दोन्ही बाजूंना राहते. आलेख +२ दाखवत असेल, तर खरा विनरेट −४ ते +८ मध्ये कुठेही असू शकतो. दहा लाख डावांनंतर ही पट्टी दोन्ही बाजूंना २ वर येते.

याची साक्ष द्यायला एक प्रसिद्ध सामना आहे. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा क्लॉडिको हा संगणक-खेळाडू चार व्यावसायिकांशी दोघांच्या टेबलावर ८०,००० डाव खेळला. माणसं दर १०० डावांमागे ९ बिग ब्लाइंडच्या थोडं वर जिंकली. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून तीच पानं दोन टेबलांवर बाजू पालटून वाटली होती. तरीही संशोधकांनी निकाल संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरीचा मानला, कारण ९५ टक्के खात्रीची रेषा ओलांडली गेली नव्हती. यावर वाद झाला. पण इतकी काळजी घेऊन खेळलेल्या ८०,००० डावांवर वाद होऊ शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच गटाचा लिब्रेटस १,२०,००० डावांत दर १०० डावांमागे जवळजवळ १५ बिग ब्लाइंडने जिंकला. त्यावर कुणाला शंका राहिली नाही.

आणखी एक अडचण आहे. एवढे डाव पूर्ण होईपर्यंत तुमचा खेळ बदलतो, समोरचे खेळाडू बदलतात, कधी स्टेकही बदलतो. म्हणजे ज्याचं माप घ्यायचं, तेच जागेवर राहत नाही. त्यामुळे नुसत्या निकालांवरून वेळेत उत्तर मिळतच नाही. उत्तर निर्णयांत शोधावं लागतं. कसं, ते प्रश्न ८ आणि ९ मध्ये.

५. खरोखर जिंकणारा खेळाडू जास्तीत जास्त किती खाली जाऊ शकतो?

याला वरची मर्यादा नाही, पण शक्यता काढता येते. दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड जिंकणारा खेळाडू आजच्या पातळीपेक्षा पुढे केव्हा ना केव्हा १० बाय-इन खाली जाण्याची शक्यता ३७ टक्के. २० बाय-इन खाली जाण्याची साधारण १४ टक्के, ३० बाय-इनची ५ टक्के.

विनरेट निम्मा झाला की हे अंतर दुप्पट होतं. दर १०० डावांमागे अडीच बिग ब्लाइंड जिंकणाऱ्यासाठी ३७ टक्के शक्यता २० बाय-इनची आहे. पोकरच्या गप्पांत ही गोष्ट क्वचित निघते. निसटता नफा असणाऱ्याचे डाऊनस्विंग फार लांब आणि फार खोल असतात. म्हणजे कौशल्य जितकं कमी, तितका नशिबाचा तडाखा मोठा. डाऊनस्विंग नशिबाने आला तरी त्याची खोली कौशल्यावर ठरते, म्हणून ‘नशीब की खेळ’ अशी सरळ फाळणी होत नाही.

६. आधी वर्षभर जिंकत होतो. खेळ एका रात्रीत तर बिघडत नाही, म्हणजे हे नशीबच ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि यातला एक धागा सुटलेला असतो. हरण्याची चौकशी सगळे करतात, जिंकण्याची कुणी करत नाही.

त्या वर्षात ३०,००० डाव झाले आणि विनरेट ८ दिसला, असं धरू. ३०,००० डावांवर अनिश्चितता दोन्ही बाजूंना ११ ते १२ बिग ब्लाइंडची असते. खरा आकडा २ असू शकतो, किंवा −२. तसं असेल तर आज नशीब फिरलेलं नाही. ते तेव्हा चांगलं होतं आणि आता नेहमीसारखं आहे. मनात ८ हा आकडा पक्का बसलेला असल्यामुळे साधा, सरासरी काळसुद्धा अन्याय वाटतो.

म्हणून चांगला काळ आणि वाईट काळ एकत्र धरून एकच विनरेट काढा. आलेखाच्या शिखरापासून मोजायला सुरुवात केली, तर जगातला प्रत्येक खेळाडू दुर्दैवी ठरतो.

७. ऑल-इन ईव्हीची रेषा खऱ्या रेषेपेक्षा बरीच वर आहे. हा तर नशीब वाईट असल्याचा पुरावा झाला!

अर्धा पुरावा. ऑल-इन म्हणजे आपले सगळे पैसे आत घालणं, आणि ईव्ही म्हणजे शक्यतेच्या हिशोबाने अपेक्षित निकाल. ट्रॅकर, म्हणजे डावांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, ही रेषा खऱ्या निकालाच्या रेषेशेजारी काढतो. ही रेषा एकच गोष्ट दुरुस्त करते: सगळे पैसे आत गेल्यावर उरलेली पानं कशी पडली. २०० बिग ब्लाइंडच्या पॉटमध्ये (डावात जमलेल्या पैशांत) तुमची जिंकण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर रेषा तुमच्या नावावर १६० मांडते. तुम्ही घातलेले १०० वजा केले की +६०. डाव हरलात, तर खरी रेषा −१०० दाखवते. हे नशीब, मान्य.

आता दुसरा डाव घ्या. तुम्ही चुकीचा कॉल करून (समोरच्याच्या पैजेइतके पैसे घालून) फक्त २० टक्के शक्यतेवर १०० बिग ब्लाइंड आत घातले आणि हरलात. खरी रेषा −१००, ईव्ही रेषा −६०. म्हणजे या घोडचुकीतही ईव्ही रेषा वरच राहते आणि तुम्हाला ४० बिग ब्लाइंडने दुर्दैवी म्हणते. ती निर्णयाला गुण देत नाही.

तिला न दिसणारं नशीबही आहे. तुमच्या राजांसमोर एक्के येणं, चांगलं पान लागलं तेव्हा समोर कुणीच नसणं, टर्नवर (टेबलावरच्या चौथ्या सामायिक पानावर) समोरच्याला फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लागून तुम्ही शहाणपणाने फोल्ड करणं, म्हणजे डाव सोडणं, यातलं काहीही त्या रेषेत येत नाही. २०१९ मध्ये प्लुरिबस या संगणक-खेळाडूची सहा जणांच्या टेबलावर चाचणी झाली, तेव्हा संशोधकांनी नशिबाचा वाटा काढून टाकायला एआयव्हीएटी नावाची याहून कितीतरी पुढची पद्धत वापरली. एवढं करूनही १०,००० डावांनंतर ४.८ बिग ब्लाइंडच्या विनरेटवर प्रमाण त्रुटी (अनिश्चिततेचं माप) २.५ बिग ब्लाइंडची उरली होती.

८. निकाल बाजूला ठेवायचा, तर बघायचं काय?

पानांवर कमी आणि तुमच्या सवयींवर जास्त अवलंबून असलेले आकडे. विनरेट स्थिर व्हायला लाखो डाव लागतात, पण सवयीचे आकडे काही शेकड्यांत किंवा हजारांत स्थिर होतात. व्हीपीआयपी म्हणजे किती टक्के डावांत तुम्ही फ्लॉपआधी (टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं उघडण्याआधी) आपणहून पैसे घातले. पीएफआर म्हणजे किती टक्के डावांत फ्लॉपआधी रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली.

चांगल्या काळातले ५,००० डाव आणि वाईट काळातले ५,००० डाव शेजारी ठेवा. व्हीपीआयपी २३ वरून ३१ वर गेला असेल, तर विषय तिथेच संपला. ५,००० डावांत नुसत्या पानांच्या फेरफाराने हा आकडा एक-दीड टक्का हलतो, आठ टक्के नाही. म्हणजे तुम्ही आधी टाकून देत होता ती पानं आता खेळताय.

पुढे हेही बघा: बिग ब्लाइंडच्या जागेवरून किती वेळा कॉल करता, शोडाऊनपर्यंत (शेवटी पानं उघडून दाखवण्यापर्यंत) किती वेळा जाता, आणि गेल्यावर किती वेळा जिंकता. शोडाऊनला जाण्याचं प्रमाण वाढलं आणि तिथे जिंकण्याचं घटलं, तर समोरच्याला बघून घेण्यासाठी कॉल करायची सवय लागली आहे. प्रमाण तेच आहे आणि फक्त जिंकणं घटलंय, तर पानांचा संशय रास्त आहे.

सगळे आकडे जुन्यासारखेच असतील, तर तुमचा खेळ बदललेला नाही एवढंच कळतं. तो मुळात पुरेसा चांगला होता का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी १७ पाहा.

९. हरलेला एखादा डाव कसा तपासायचा? मला तर प्रत्येक डाव बॅड बीटच (पुढे असून नशिबाने हरणं) वाटतो.

डाव तुकड्यांत तोडा आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. एक डाव पूर्ण मांडतो.

तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळायची जागा), हातात एक्का-राजा. ३ बिग ब्लाइंडचं रेझ, बिग ब्लाइंडवाल्याचा कॉल, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉट साडेसहा. फ्लॉप: राजा, नव्वी, तिर्री, त्यात दोन बदाम. तुम्ही ४ लावता, तो कॉल करतो. टर्नला किल्वरची चव्वी, तुम्ही १० लावता, तो कॉल करतो. पॉट साडेचौतीस. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, बदामची सत्ती. तुम्ही २० लावता आणि तो सगळे ८३ आत टाकतो. तुम्हाला आणखी ६३ घालायचे आहेत. तुम्ही कॉल करता, त्याच्याकडे फ्लश. १०० बिग ब्लाइंड गेले. मित्राला तुम्ही सांगता, “एक्का-राजा, टॉप पेअर, रिव्हरला फ्लश!”

आता हिशोब. त्याला टर्नवर बदामची नऊ पानं हवी होती, म्हणजे साधारण पाचात एकदा. ते पान पडलं हे नशीब. तिथपर्यंत तुमचे १७ गेले, आणि ते बरोबर खेळूनच गेले. रिव्हरचे २० थोडे वादाचे. तिथे न लावता बघितलंही असतं, पण सोडून देऊ.

उरलेले ६३. कॉल परवडायला तुम्ही १०० मध्ये किमान ३१ वेळा पुढे असायला हवं. जो फ्लॉप-टर्नला नुसता कॉल करत आला आणि तिसरा बदाम पडताच सगळं आत टाकतो, तो इतक्या वेळा ब्लफ करतो का? बहुतेक टेबलांवर बहुतेक खेळाडू करत नाहीत. म्हणजे १०० पैकी ६३ बिग ब्लाइंड नशिबाच्या खात्यात टाकता येत नाहीत.

याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. टर्नवर साडेचोवीसच्या पॉटसाठी १० चा कॉल हा त्याच्या पानांना एरवी तोट्याचा होता. पण पान लागलं की तुम्ही आणखी ८३ देता, हे धरलं तर तोच कॉल त्याला भरपूर फायद्याचा ठरतो. ज्याला तुम्ही नशीबवान आणि मूर्ख म्हणताय, त्याचा कॉल तुमच्या रिव्हरच्या सवयीने बरोबर ठरवला.

असे वीस-तीस मोठे पॉट तपासा. शेवटची पानं आणि निकाल झाकून ते तुमच्यापेक्षा चांगल्या खेळाडूला दाखवा. निकाल आधी कळला, की चांगला खेळाडूही त्याला जुळेल असंच कारण शोधतो. जिंकलेले मोठे पॉटही त्यात मिसळा. चुका तिथेही तेवढ्याच असतात, फक्त त्यांचे पैसे मिळाले म्हणून कुणी बघत नाही.

१०. मी समोरासमोर टेबलावर खेळतो. ट्रॅकर नाही, आकडे नाहीत. मी काय करू?

टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. १०,००० डावांना ३३० तासांच्या वर लागतील, म्हणजे आठवड्याला सहा तास खेळलात तर वर्षाहून जास्त. तेव्हा प्रश्न ४ मधली गणितं तुमच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत, आणि वर्षभराचा तोटाही एकट्याने फारसं काही सांगत नाही.

तुमचं साधन वही. बैठकीत सगळ्यात अवघड गेलेले तीन निर्णय त्याच दिवशी लिहा: जागा, स्टॅक (टेबलावर प्रत्येकासमोरचे पैसे), पॉट, समोरचा कसा खेळत होता, आणि त्या क्षणी तुम्ही काय विचार केला. निकाल दुसऱ्या पानावर. ‘त्या क्षणी काय विचार केला’ हा रकाना रिकामा राहू लागला, तर तेच उत्तर आहे. तेव्हा तुम्ही सवयीने पैसे घालत होता.

११. हरायला लागलो की माझा खेळ बिघडतो. मग हे नशिबात धरायचं की कौशल्यात?

सुरुवात नशिबात, पुढचं सगळं कौशल्यात. आकड्यांत बघा: नशिबाने सहा बाय-इन गेले. त्यानंतरचे १०,००० डाव तुम्ही +५ ऐवजी −१० ने खेळलात. फरक १५ बिग ब्लाइंडचा, दर १०० डावांमागे. एकूण १,५०० बिग ब्लाइंड, म्हणजे पंधरा बाय-इन. एरवी जिथे असता, तिथपासून मोजलेल्या एकवीस बाय-इनच्या त्या खड्ड्यात नशिबाचे फक्त सहा आहेत.

हे कुणालाही होऊ शकतं. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की तेवढ्याच रकमेच्या लाभापेक्षा तोटा माणसाला साधारण दुप्पट बोचतो. टिल्ट (भावनेच्या भरात बिघडलेला खेळ) म्हटलं की रागाने आपटलेले ऑल-इन डोळ्यांसमोर येतात, पण त्याचा दुसरा प्रकार जास्त पसरलेला आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस घाबरतो. रिव्हरला किंमत वसूल करायच्या जागी चेक करतो (पैज लावत नाही), ब्लफ सोडून देतो, प्रत्येक रेझमागे एक्के बघतो. बाहेरून हा खेळ शिस्तीचा दिसतो आणि आतून गळत असतो.

तपासायला सोपं आहे. बैठकीत एक बाय-इन हरण्याआधीचे डाव एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला ठेवा आणि प्रश्न ८ मधले आकडे दोन्हीकडचे काढा. तफावत दिसली तर उपाय एकच: दोन बाय-इन गेले की उठायचं. आधी ठरवून, टेबलावर बसून नाही.

१२. मला सेट लागतच नाही, आणि राजे आले की समोर एक्के असतातच. असं कुणाला होतं का?

सगळ्यांना. हातात जोडी असताना फ्लॉपला सेट, म्हणजे तसंच तिसरं पान, लागतो साधारण साडेआठ वेळांत एकदा. सलग वीस वेळा न लागण्याची शक्यता ८ टक्के आहे. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणजे पंचविसात एकदा. ती एक वेळ लक्षात राहते, बाकीच्या चोवीस विसरतात.

१३. ऑनलाइन पानं खरंच फेटली जातात का? मला साइटच फिक्स वाटते.

शंका घ्यायला हरकत नाही, पण ती मोजा. कोणतेही दोन एक्के येण्याची शक्यता २२१ मध्ये एक. १०,००० डावांत साधारण ४५ वेळा यायला हवेत, आणि ३२ ते ५८ मध्ये कुठलाही आकडा चालेल. ८० टक्के पुढे असताना ऑल-इन झालेले शंभर डाव काढा. ७२ ते ८८ जिंकले असाल तर सगळं ठीक आहे. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत. केलेल्या बहुतेकांना आकडे जागेवर सापडतात.

फसवणूक झालीच नाही असं मात्र नाही. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि पुढे अल्टिमेटबेट इथे काही खात्यांना इतरांची झाकलेली पानं दिसत होती, हे उघड झालं. पकडलं ते खेळाडूंनीच, डावांच्या नोंदी चाळून. एवढा विनरेट आणि रिव्हरला इतके अचूक निर्णय कुणा माणसाला शक्यच नव्हते. तिथे पानं फेटण्यात गडबड नव्हती, कुणीतरी ती बघत होतं. तेव्हा संशय आलाच, तर तुमच्या पानांपेक्षा समोरच्याच्या निर्णयांकडे बघा. आणि हरल्यामुळे आलेला संशय जिंकलेल्या महिन्यातही टिकतो का, ते स्वतःला विचारा.

१४. जागा बदलली, दोन दिवस थांबलो, तर वाईट काळ लवकर संपेल का?

पानांना मागचं काही आठवत नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला आणि ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक प्रत्येक फेरीला मोठ्या रकमा घालवत राहिले. सुट्टी घ्या, जरूर घ्या, पण प्रश्न ११ मधल्या कारणासाठी. जागा बदलायची असेल, तर सैल खेळणाऱ्याच्या डावीकडे बसायला बदला.

१५. टूर्नामेंटला हाच हिशोब लागतो का? सलग वीस टूर्नामेंटमध्ये एकही पैसा मिळाला नाही.

तत्त्व तेच, पण झोके कितीतरी मोठे. चांगला खेळाडू मोठ्या टूर्नामेंटमध्ये सुमारे १५ टक्के वेळा बक्षिसात येतो असं धरलं, तर सलग दहा रिकाम्या जाण्याची शक्यता २० टक्के आणि सलग वीसची ४ टक्के. वर्षभर खेळणाऱ्याला हे भोगावंच लागतं.

शिवाय बक्षिसात येणं म्हणजे नफा नव्हे. पैशाचा मोठा भाग पहिल्या तीन-चार जागांना जातो, त्यामुळे वर्षाचा नफा एक-दोन निकालांवर अवलंबून असतो. ते दोन निकाल न येण्यानेच चांगला खेळाडू तोट्यात दिसतो. उलट, एका विजयावर वर्षानुवर्षं नफ्यात दिसणारेही असतात. इथे प्रश्न ९ ची पद्धत हाच आधार. त्यातही २० बिग ब्लाइंडच्या खालचे ऑल-इन आणि फोल्ड आधी तपासा. त्यांचं बरोबर-चूक गणिताने काढता येतं, आणि गळती सहसा तिथेच सापडते.

१६. खेळ तोच आहे, फक्त स्टेक वाढवला आणि हरायला लागलो. हे तरी नशीब असेल ना?

असू शकतं, पण इथे माझा पहिला संशय नशिबावर नसतो. वर गेलं की समोरचे बदलतात. खालच्या टेबलावर तुमचा नफा दोन-तीन कच्च्या खेळाडूंकडून येत असेल आणि वर ते नसतील, तर तोच खेळ तोट्याचा होतो. रेकही बघा. टेबल प्रत्येक पॉटमधून ठरावीक टक्के आणि कमाल मर्यादेपर्यंत कापतं. वाढवलेला स्टेकही अजून लहानच असेल, तर तो कापच बिग ब्लाइंडमध्ये मोजला तर जड पडतो, आणि समोरच्यांपेक्षा थोडासा चांगला असलेला खेळाडू रेक भरून तोट्यात जातो. तिथे तो दुर्दैवीही नसतो आणि वाईटही खेळत नसतो. टेबल चुकलेलं असतं.

१७. सगळं तपासलं. खेळ जुन्यासारखाच आहे, चुका किरकोळ आहेत, तरी ५०,००० डावांनंतर तोट्यातच. आता काय समजू?

आधी एक गोष्ट. उसने पैसे, घरच्यांपासून लपवलेला तोटा, किंवा गेलेलं भरून काढायला वाढवलेला स्टेक, यातलं काहीही असेल, तर खेळ आजच थांबवा. साइटवर स्वतःचं खातं बंद करून घ्यायची सोय असते, ती वापरा आणि विश्वासाच्या माणसाला खरा आकडा सांगा. अशा वेळी नशीब की कौशल्य हा प्रश्न दुय्यम आहे.

तसं काही नसेल, तर दोन आकड्यांचा खेळ समजून घ्या. +५ चा खेळाडू ५०,००० डावांनंतर १३ टक्के वेळा तोट्यात असतो, −५ चा ८७ टक्के वेळा. समजा तुमच्या टेबलावरच्या दर दहा जणांत तीन +५ चे आणि सात −५ चे आहेत. मग ५०,००० डावांनंतर तोट्यात असलेल्यांतून कुणालाही उचललं, तर तो मुळात जिंकणारा असण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास निघते. ‘चांगल्या खेळाडूलाही असं होतं’ हे खरं आहे. ‘मला असं झालं, म्हणजे मी चांगला खेळाडू आहे’ हे त्यातून निघत नाही.

हा ६ चा आकडा वर सरकतो तो तुमच्याकडच्या इतर पुराव्याने: त्याआधीचे एक-दोन लाख डाव नफ्यात असतील, झाकलेल्या निकालांची तपासणी चांगल्या खेळाडूने पास केली असेल, आणि व्हीपीआयपीसारखे आकडे हललेले नसतील. तिन्ही असतील तर खेळत राहा, स्टेक एक पायरी खाली आणून. तिन्हीपैकी एकही नसेल, तर तुम्ही हरणारे खेळाडू आहात असं धरून चाला आणि अभ्यासाला लागा: आधी फ्लॉपआधीची पानं, मग बिग ब्लाइंडमधला खेळ, मग रिव्हरचे कॉल. हे गृहीतक पुढे चुकीचं ठरलं तरी तोटा होतो तो फक्त काही महिने लहान स्टेकला खेळल्याचा.